दुर्मिळ झरणीचे मोल

वस्तू दुर्मिळ झाली म्हणजे तिचे मोल वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. निर्मिती बंद झालेल्या उंची झरण्या, म्हणजे फाउंटन पेने, जमविणाऱ्यांमध्ये तो विशेष दिसतो. परंतु दुर्मिळता आणि थोरवी या दोन गोष्टी एक नव्हेत.

राजमहेंद्री येथील रत्नम् यांनी बनविलेली स्वदेशी झरणी महात्मा गांधींनी वापरून पाहिली. परदेशी झरण्यांना ती चांगला पर्याय आहे, असा अभिप्राय त्यांनी १९३५ साली वर्ध्याहून पत्राने कळविला. पुढे २००९ मध्ये माँ ब्लाँ या परदेशी कंपनीने गांधीजींच्या नावाने सोन्याच्या टोकाची झरणी काढली. दांडीयात्रेच्या २४१ मैलांची खूण म्हणून अशा २४१ झरण्याच घडविल्या. एकेकीची किंमत ११ लाख रुपयांहून अधिक होती. प्रकरण न्यायालयात गेल्यावर २०१० मध्ये भारतातील त्यांची विक्री थांबली. ती झरणी दुर्मिळ खरी. पण साधेपणाच्या त्या उपासकाशी तिचे नाते कोणते?

भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्ध आहेत. जुन्या भांड्याला कल्हई केली की ते पुन्हा चुलीवर चढते. म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या घरात राहते. झरणीचेही तसेच आहे. आत शाई वाळली की तिचा मार्ग बुजतो. पाण्याने धुऊन ती लिहिती ठेवली, तर आजोबांची झरणी नातवाच्याही हाती शोभते. जुन्या कारागिरीचे जतन व्हावे, यासाठी संग्रह अवश्य करावा. मात्र कुलपात निजलेल्या शंभर झरण्यांहून कागदावर चालणारी एक झरणी अधिक मोलाची होय.