बटण, बटण, बटण

या आठवड्यात आमगावकडच्या एका वाचनालयात पुस्तकं मागवायच्या नव्या ॲपचं माहितीपत्रक पाहिलं. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘शंभर टक्के दिव्यांगस्नेही’. शेजारी बसलेल्या अंध गुरुजींनी फोन घेऊन पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक सुरू केलं, तर ॲप म्हणू लागलं, ‘बटण, बटण, बटण’. कशाचं बटण, याचा पत्ताच नाही! गुरुजी हसले, पण पुस्तक काही त्यांना मागवता आलं नाही. विक्रेत्याच्या शब्दावर खरेदी करायचे दिवस आता संपायलाच हवेत. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आयएस १७८०२ हे डिजिटल सुगमतेचं भारतीय मानक आहे आणि त्याच्या दुसऱ्या भागात तर तपासणी कशी करायची हेच दिलं आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा विक्रेत्याला सरळ विचारा: कोणती आवृत्ती तपासली, कुणी तपासली, काय अडलं? ‘काहीच अडलं नाही’ म्हणणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही. गोंदिया जिल्ह्यात देवरीपासून तिरोड्यापर्यंत प्रत्येक निविदेत अट घाला: दिव्यांग वापरकर्त्यानं कुणाच्या मदतीशिवाय काम पूर्ण केल्याशिवाय बिल निघणार नाही. आणि हो, त्या तपासणीचं मानधनही त्या वापरकर्त्यांना द्या.