टाळ्या वाजवणाऱ्याने लिहायचे नाही काय?

‘‘मास्तर, खेळाडूने खेळावे, पत्रकाराने लिहावे आणि बघ्याने टाळ्या वाजवून घरी जावे. पोरांच्या डोक्यात भलतेसलते भरवू नका!’’

आमच्या मेहरुणातल्या एका वजनदार गृहस्थांनी गेल्या महिन्यात तलावाच्या बांधावर मला गाठून असा दम भरला. त्यांचा नातू माझ्या वर्गात आहे. पोरांनी पाहिलेल्या फुटबॉलच्या सामन्यांवर स्वतः लिहून एक हस्तलिखित काढावे, असे मी वर्गात सुचवले होते. माझा गुन्हा तो एवढाच.

त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. कादंबरी लिहिणाऱ्याचे हे असेच असते. भांडण संपून घरी आले की मग खटकेबाज संवाद सुचतात. तेव्हा ते उत्तर आता दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो. चकली जरा तिखट झाली असेल तर घरचीच म्हणून गोड मानून घ्यावी.

प्रथम माझीच एक गोष्ट सांगतो. 1994 साली अमेरिकेत फुटबॉलचा विश्वचषक झाला तेव्हा मी शाळेत होतो. आम्हां पाचसहा पोरांना त्या खेळाचे वेड लागले. अंतिम सामना आपल्याकडे रात्री एक वाजता सुरू व्हायचा होता. गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओसरीत आम्ही दाटीवाटीने बसलो. ब्राझील आणि इटली दोघांनाही गोल करता आला नाही, पेनल्टीवर निकाल लागला, आणि इटलीच्या रॉबेर्तो बाज्जोने शेवटचा चेंडू गोलाच्या वरून आकाशात धाडला. दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होते, बाज्जोने विश्वचषक घालवला!

आम्हांला ते सहन होईना. बाज्जोच्या आधी बारेसी आणि मस्सारो हेही चुकले होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. इटलीला अंतिम सामन्यापर्यंत ओढत आणले ते याच बाज्जोने. बाद फेरीत त्याचे पाच गोल होते. मग आम्ही वहीची पाने फाडली, मध्ये कार्बन घातला आणि चार प्रतींचे एक पत्रक काढले. नावावर एकमत होईना, म्हणून नावाच्या जागी नुसता चेंडू काढला. एक प्रत चहाच्या टपरीवर चिकटवली. मोठी माणसे चहा पिता पिता ती वाचू लागली, आमच्याशी वाद घालू लागली. त्या आठवड्यात आम्ही आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी झालो.

चौथ्या अंकात आम्ही घात केला. शाळेचे मैदान लग्नाच्या मांडवाला भाड्याने जाते आणि पोरांचे खेळणे बंद पडते, असे दोन ओळींत लिहिले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर त्या अंकाचे तुकडे झाले. बाज्जोवर लिहिले तोवर आमचे कौतुक होते. मैदानावर लिहिले तेव्हा आम्ही वाह्यात ठरलो. पाचवा अंक निघाला नाही.

आमच्या त्या कागदाला इंग्रजीत नाव आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्याला फॅनझिन म्हणतात. फॅन म्हणजे शौकीन आणि मॅगझिन म्हणजे मासिक. एकाचे डोके आणि दुसऱ्याचे शेपूट जोडून 1940 साली अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या वेड्यांनी हा शब्द घडवला. फुटबॉलच्या शौकिनांनी तो इंग्लंडात आपलासा केला. 1972 ते 1976 ‘फाऊल’ नावाचे एक पत्र तिथे निघाले. 1984 साली ब्रॅडफर्डच्या प्रेक्षकांनी ‘द सिटी जेंट’ काढले, 1986 साली ‘व्हेन सॅटर्डे कम्स’ सुरू झाले, आणि ते दशक संपेतो अशी पत्रे शेकड्यांनी झाली. छापखाना कसला! टाइपरायटर, कात्री, खळ, झेरॉक्सचे यंत्र आणि पिना मारायचे स्टेपलर, एवढे भांडवल. अंक मैदानाच्या दारात उभे राहून हातोहात विकायचा. आत काय असे? आपल्याच गोलरक्षकाची टिंगल, मैदानावरच्या पाणचट चहाची तक्रार, परगावच्या सामन्याला जाताना झालेली फजिती आणि क्लबच्या मालकांचे कान उपटणे. थोडक्यात, आमच्या चौथ्या अंकातला मजकूर!

‘‘मग काय बिघडले असते हे नसते तर?’’ असे आमचे गृहस्थ विचारतील. त्यांनी पुढचा हिशेब नीट ऐकावा.

11 मे 1985 रोजी ब्रॅडफर्डच्या मैदानावरचा जुना लाकडी स्टँड पेटून 56 माणसे गेली. त्याच महिन्याच्या 29 तारखेला ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी धाव घेतली आणि भिंत कोसळून 39 माणसे मेली. हेझेलला प्रेक्षकांचा दोष होता, यात शंका नाही. पण तेव्हापासून सरकारने सरसकट प्रत्येक प्रेक्षकाला गुन्हेगार धरले. मैदानात पाऊल टाकायचे तर ओळखपत्र दाखवा, असा कायदा 1989 साली केला. त्याच वर्षी 15 एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लोखंडी जाळीपाशी चेंगरून लिव्हरपूलचे प्रेक्षक मेले. तो आकडा पुढे 97 वर गेला. चारच दिवसांनी लंडनच्या ‘सन’ या वृत्तपत्राने ‘सत्य’ असा ठळक मथळा देऊन छापले की, प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे कापले आणि पोलिसांना मारहाण केली. साफ खोटे! पण लाखो घरांत ते त्या सकाळी चहाबरोबर वाचले गेले.

त्या खोट्याला उत्तर देताना प्रेक्षक मुके नव्हते. त्यांच्याजवळ त्यांची पत्रे होती आणि 1985 सालीच उभी राहिलेली त्यांची संघटना होती. ओळखपत्राच्या योजनेविरुद्ध त्यांनी रान उठवले. न्यायमूर्ती टेलर यांच्या 1990 च्या अहवालानंतर ती योजना गुंडाळली गेली. हिल्सबरोच्या मृतांचे नातलग आणि शौकीन 27 वर्षे हटले नाहीत. 2016 साली ज्यूरीने निकाल दिला की प्रेक्षकांचा काही दोष नव्हता. पिना मारलेल्या कागदांनी एकट्याने हे घडवले, असे मी म्हणत नाही. पण ज्याला रोज स्वतःचे म्हणणे लिहायची सवय असते, त्याच्या तोंडात दुसऱ्याला आपले शब्द घालता येत नाहीत.

आता आपल्या देशाकडे वळू. 16 ऑगस्ट 1980 रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दंगल होऊन चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक मेले. बंगाल आजही ती तारीख विसरलेला नाही. त्या दिवशी तिथे रक्तदान होते. आणि महाराष्ट्रात? मेहरुणच्या आमच्या वाचकाला वाटेल, आपल्याकडे फुटबॉलवेडे आहेतच कुठे? त्याने एकदा कोल्हापूरला जावे.

मी शाळकरी वयात सुटीत मावशीकडे तिथे गेलो होतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ हे तिथले पत्ते नव्हेत, पक्ष आहेत. संघांची नावे पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. शाहू महाराजांनी पोसलेल्या कुस्तीच्या तालमींच्या नावाने फुटबॉल खेळणारे हे गाव! मावशीच्या यजमानांबरोबर मी राजर्षी शाहू स्टेडियमवर बसलो तेव्हा शेजारी म्हातारे होते, कडेवर पोर घेतलेल्या बाया होत्या. तिथे कोणी त्यांना बघे म्हणत नाही, फुटबॉलशौकीन म्हणतात. शब्दात किती मान असतो पाहा!

संध्याकाळी चौकातल्या मंडळाच्या फळ्यावर खडूने निकाल लिहिला गेला आणि खाली हरलेल्या पेठेला असा चिमटा काढला होता की, हरलेलेसुद्धा वाचून हसत होते. सकाळी मी तो उतरवून घ्यायला वही घेऊन गेलो, तर कोणीतरी ओल्या फडक्याने फळा स्वच्छ पुसला होता. मराठी शौकिनाच्या साहित्याची सारी कहाणी त्या ओल्या फडक्यात आहे. 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, याची नोंद झाली, होणारच. पण ज्या ओरडणाऱ्या पेठांनी असे खेळाडू घडवले, त्यांची नोंद फडक्याने पुसली जाते.

मुंबईचीही तीच कथा. 1891 साली सुरू झालेला रोव्हर्स चषक कुपरेजवर रंगत असे. हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 पासून लागोपाठ पाच वर्षे तो जिंकला, हे पुस्तकात सापडेल. नव्या शतकाच्या तोंडावर तो चषक बंद पडला. त्या लाकडी बाकांवर गिरणीची पाळी संपवून येऊन बसलेली माणसे कोणाच्या पुस्तकात सापडतील?

आणि इथेच आमच्या वजनदार गृहस्थांची गंमत आहे. मला दम भरून झाल्यावर ते बांधावर टेकले आणि सहज म्हणाले, ‘‘आम्ही मुंबईत नोकरीला होतो तेव्हा कुपरेजला जायचो.’’ मग तासभर त्यांची गाडी थांबली नाही. कोणत्या दाराने फुकट आत शिरता येई, पावसात कोणी कोणाच्या छत्रीत उभे राहून सामना पाहिला, हरलेल्या संघाच्या कोणत्या खेळाडूला लोकांनी खांद्यावर घेतले, सगळे त्यांना पाठ! सूर्य तलावापलीकडे गेला तरी त्यांचे संपेना. अहो, हेच तर मी तुमच्या नातवाला लिहायला सांगतो आहे!

काही आक्षेप मला ऐकू येतात. पहिला असा की, हे शौकीन म्हणजे हुल्लडबाज. कोल्हापुरातही दगड उडतात, सामने थांबतात. उडतात, आणि ते लाजिरवाणे आहे. पण लीड्सच्या स्टँडात काळ्या खेळाडूंना शिव्या देणाऱ्या आपल्याच माणसांविरुद्ध 1980 च्या दशकात आवाज उठला तो ‘मार्चिंग ऑलटुगेदर’ या प्रेक्षकांच्याच पत्रातून. पोलिसाचा दंडुका बाहेरून पडतो. शेजारच्या बाकावरून आलेला टोमणा आतपर्यंत जातो.

दुसरा आक्षेप, आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, कागद कशाला? फोनवर पोरे लिहितात खरी. पण रात्री लिहिलेले सकाळी वाहून जाते आणि लिहिणाऱ्याचे नाव खोटे असते. पत्रकाखाली नाव असते. उद्या टपरीवर त्याच माणसांना तोंड दाखवायचे असते. लिहिण्यातली अब्रू तिथून सुरू होते.

तिसरा आक्षेप साहित्यिकांचा: याला वाङ्मय म्हणायचे काय? 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तो पाश्चात्त्यांच्या नाताळ अंकांसारखे आपल्याकडेही काही असावे या हौसेने. साठच्या दशकात लघुअनियतकालिके निघाली. त्यांतले ‘वाचा’ काढणारे भालचंद्र नेमाडे आमच्याच खानदेशातल्या सांगवीचे. आधी पानटपरीवरचा कागद म्हणून हिणवायचे आणि पन्नास वर्षांनी त्यावर प्रबंध लिहायचे, ही आपली जुनी रीत आहे. या वेळी मधली पन्नास वर्षे वाचवू या.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सांगताना मला मान खाली घालावी लागते. मास्तर झाल्यावर सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलाच्या वहीत असेच एक पत्रक पकडले. गणिताच्या तासाला तो गोल मोजत बसला होता. मी ते हिसकावून घेतले. फाडले नाही, एवढेच माझे पुण्य. पण परतही दिले नाही. रात्री घरी ते वाचले. त्यात माझ्यावर एक ओळ होती: सर पंच झाले तर दोन्ही संघांना बाहेर काढतील. ओळ उत्तम होती, आणि खरीही. मी तिला शाबासकी दिली नाही. त्याचे पुढचे अंक निघाले की नाही, हे विचारण्याचे धैर्यही मला झाले नाही. ज्यांनी आमचा अंक फाडला त्यांच्यावर मी उभा जन्म रागावलो, आणि संधी मिळताच त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसलो!

ते पत्रक अजून माझ्या कपाटात आहे. तो मुलगा आता बापमाणूस आहे, जळगावातच दुकान चालवतो. या पाडव्याला मी त्याच्या घरी जाऊन ते परत देणार आहे, आणि आमच्या वर्गाच्या हस्तलिखितात पहिल्या पानावर लावायची परवानगी मागणार आहे. दुसरे पान मी कोरे ठेवले आहे. ते कुपरेजच्या दारातून फुकट शिरणाऱ्या त्या वजनदार गृहस्थांसाठी आहे. नातू शाई घेऊन बसला आहे. आजोबांनी आता सांगायला सुरुवात करावी.