शुद्धतेची तहकिकात

परिवर्तनवादी मंडळींच्या ज्या व्हॉट्सॲप गटावर मी बरीच वर्षे आहे, तेथे या आठवड्यात, ऊसतोड मजुरांच्या मुलांना गावात राहून शिकता यावे म्हणून वसतिगृहासाठी खपणाऱ्या एका तरुण कार्यकर्तीची जी तहकिकात झाली, ती वाचून मी अतिशय व्यथित झालो आहे आणि संतप्तही. एका सभेत तिने भाषण केले त्या व्यासपीठावर दुसऱ्या एका डाव्या गटाचा पुढारी बसलेला होता, एवढाच तिचा अपराध. तेवढ्यावरून तिच्या जुन्या मजकुरातले उतारे शोधून काढण्यात आले, त्यांवर हरकती घेण्यात आल्या आणि तिची कैफियत ऐकून घेण्यापूर्वीच तिला गटातून बडतर्फ करण्यात आले. वसतिगृहाविषयी कोणी अवाक्षरही काढले नाही.

डाव्यांना फाटाफूट नवी नाही. 1950 मध्ये शेतकरी कामगार पक्षाने दाभाडीचा मार्क्सवादी प्रबंध स्वीकारला आणि पुढे पक्ष फुटला. 1964 मध्ये कम्युनिस्ट पक्ष दुभंगला. 1972 मध्ये जन्मलेली दलित पँथर, मार्क्सला चळवळीत स्थान किती या वादात, 1974 मध्येच राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांच्यात विभागली गेली.

या फुटींचे मला दुःख आहे. परंतु जमीन कोणाची, जात आणि वर्ग यांचा संबंध कोणता, अशा प्रश्नांवर अधिवेशनांत आणि पुस्तिकांतून, स्वतःच्या नावानिशी झालेल्या त्या वादांना कार्यक्रमाचे अधिष्ठान होते. जातीविषयी किंवा स्त्रियांविषयी बेपर्वाईने वागणाऱ्या साथीला जाब विचारला पाहिजे, याबद्दलही माझ्या मनात शंका नाही. तो विचारण्याचा अधिकार दलित आणि स्त्री कार्यकर्त्यांनी फार झगडून मिळवलेला आहे. मात्र कोण कोणाशेजारी बसले याची नोंदवही ठेवणे हा त्या अधिकाराचा उपयोग नव्हे.

शेजारी बसण्याचा प्रश्न संयुक्त महाराष्ट्र समितीपुढे याहून कितीतरी बिकट स्वरूपात उभा होता. 1942 मध्ये समाजवादी नेते एसेम जोशी भूमिगत राहून इंग्रज सरकारशी झुंजत असताना कॉम्रेड डांगे यांच्या कम्युनिस्ट पक्षाने ‘चले जाव’च्या लढ्याला विरोध केला होता, आणि ही जखम भरून आलेली नसतानाच 1956 च्या फेब्रुवारीत पुण्यात समिती स्थापन होऊन दोघे तिच्यात एकत्र आले. त्याच वर्षी सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले तेव्हा समाजवाद्यांनी निषेध केला, कम्युनिस्टांनी समर्थन केले. तरीही, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र या एका मागणीपुरते बांधलेले ते कडबोळे मोडले नाही आणि 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात त्याने काँग्रेसला धूळ चारली. कोणीही आपले मत सोडले नव्हते किंवा दुसऱ्याचे पाप माफही केले नव्हते. आजच्या आमच्या तरुण मित्रांना ही गोष्ट मला पुनःपुन्हा सांगावीशी वाटते.

आणि ज्यांना हा इतिहास दूरचा वाटतो त्यांच्यासाठी, या सदरात पूर्वी लिहिलेले असूनही, 2018 च्या मार्चविषयी पुन्हा लिहितो. किसान सभेच्या नेतृत्वाखाली 6 मार्चला नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, ज्यांत वनजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसूनही सातबाऱ्यावर नाव नसलेल्या आदिवासींचा भरणा मोठा होता, सुमारे 180 किलोमीटर चालून मुंबईत आले, आणि दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांचा रस्ता अडू नये म्हणून, तळपायांना फोड आलेले असताना, शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. वाटेत नागरिकांनी त्यांना पाणी दिले, खाणे दिले, चपला दिल्या. शिवसेना, मनसे आणि काँग्रेस या पक्षांनी पाठिंबा दिला आणि लाल बावट्याखाली चालणाऱ्या त्या माणसांनी तो स्वीकारला. पाणी देणाऱ्याचे मत कोणाला, ही विचारपूस करण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. त्यांना वनाधिकार कायद्याप्रमाणे आपल्या जमिनीचा दाखला हवा होता. 12 मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले.

त्या आश्वासनाची अंमलबजावणी रखडल्यामुळे ते 2019 मध्ये पुन्हा निघाले आणि 2023 मध्येही पुन्हा चालले. पुन्हा निघतील तेव्हा, मित्रहो, आपणही त्यांच्याबरोबर चालावे, आणि शेजारून चालणारा कोणत्या गटाचा आहे हे त्याला विचारू नये.