गडग्यावरच्या शेवाळातला जीव



कोकणातल्या एका सुपारी बागायतदारांचे पत्र आले आहे. त्यांच्या दहावीतल्या मुलीने बागेतल्या गडग्यावरचे शेवाळ आणि खालचा कुजका पाला शाळेत नेला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात वळवळणारे जीव दिसले. ते सूत्रकृमी समजून वडील दाणेदार औषध टाकायला निघाले आहेत. मुलगी म्हणते, थांबा.

मुलीचे ऐका. सूत्रकृमी दोऱ्यासारखा असतो. तो सापासारखा वळवळतो, पण त्याची लांबी कमीजास्त होत नाही. मुलीने लिहिलेला जीव जळवेसारखा चालतो, आखडतो, लांबतो आणि थांबला की त्याच्या डोक्यावर दोन चाके फिरतात. हा रोटिफर. ती चाके म्हणजे बारीक केसांची कडी. केस ओळीने हलतात म्हणून फिरल्यासारखी वाटतात. त्या ओढीने पाण्यातले जीवाणू आणि कुजलेले कण तोंडात जातात. सुपारीच्या मुळाशी त्याचे काही वैर नाही. तरीही सूत्रकृमीची शंका असेल तर मुळांवर गाठी आहेत का पाहा आणि माती तपासून घ्या.

मुलीचा दुसरा प्रश्न अवघड आहे: "ही जात दुर्मिळ आहे का?"

शेवाळात राहणाऱ्या या गटाच्या साडेचारशेच्या वर जाती नोंदल्या आहेत, आणि सगळ्या माद्याच. नर आजवर कुणाला सापडलेला नाही. जात ओळखायची तर जीव जिवंत हवा. मी एकदा नमुना टिकावा म्हणून फॉर्मॅलीन घातले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो सगळ्यांचे गोळे झालेले, डोके कुठे नि पाय कुठे! म्हणून शेवाळ वाटीत काही तास भिजवा, पिळा, गाळ बसू द्या आणि तळाचा थेंब काचेवर घ्या. पायाची बोटे मोजा: फिलोडिनाला चार, रोटारियाला तीन, तर म्निओबियाला बोटांऐवजी चिकटणारी चकती. अडिनेटा चाके न काढता पोटावर सरकतो. पुढे जबड्यातले दात मोजावे लागतात. तिथे शाळेचा सूक्ष्मदर्शक अपुरा पडतो. मात्र भिंगाला मोबाईल लावून हालचालीचे चित्रण करता येते, आणि जाणकाराला त्याचा फार उपयोग होतो.

दुर्मिळ म्हणताना जपावे. जेम्स मरे यांनी सिक्कीम हिमालयातल्या रोटिफरांवर १९०६ साली निबंध लिहिला, पण आपल्याकडे शेवाळ पिळून पाहणारे थोडेच. पाहिलेच नाही ते दुर्मिळ कसे म्हणावे?

नमुना पाठवणे सोपे आहे, कारण हा जीव वाळला तरी मरत नाही. लेव्हेनहूक यांनी १७०२ साली पन्हळीतल्या वाळल्या गाळावर पाणी घालून तो हिंडताना पाहिला. सायबेरियाच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे २४ हजार वर्षे जुना अडिनेटा पुन्हा जागा झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा शेवाळ सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये कुजते. पाकिटावर गाव, तारीख आणि दगड, खोड की पाला ते लिहा. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे, तिथे आधी पत्राने विचारा.

औषध आणलेच असेल तर पिशवी न फोडता दुकानदाराकडे परत करा.