पुतण्याची मोटार

सातारच्या एका वाचक-भगिनीचें पत्र या महिन्यांत आमच्यापुढें आलें आहे. त्यांचा पुतण्या अमेरिकेंत नोकरीस असून त्यानें २००१ सालची जुनी होंडा एस-२००० गाडी घेतली आहे, व सुटीच्या दिवशीं तो ती शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर चालवितो. आतां त्याला तिला टर्बो बसवावयाचा आहे. म्हणजे एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर फिरून सिलिंडरांत जादा हवा कोंबणारें यंत्र. परंतु तो घेण्याआधीं एंजिन उतरवून त्याचा खालचा भाग, म्हणजे कनेक्टिंग रॉड, बेअरिंगें, बोल्ट, हें सारें मजबूत करण्याचें त्यानें काढलें आहे, व त्यासाठीं घरच्या सामाईक शिलकेंतून कांहीं रक्कम उसनी मागितली आहे. वडील मंडळींचें म्हणणें, आधीं टर्बो बसवावा, मोडेल तें मग पाहावें. जें कोणास दिसणारहि नाहीं त्यावर एवढा पैसा कशाला, असा भगिनींचा प्रश्न आहे.

आम्ही पुतण्याच्या बाजूचे आहों. मात्र एका गोष्टींत नाहीं, ती शेवटीं सांगूं.

हें एंजिन मुळांतच असाधारण. १९९९ सालीं निघालें तेव्हां जपानी गाडींत तें १९९७ घनसेंटिमीटरांतून, टर्बोवांचून, २५० अश्वशक्ति देत असे, व फेऱ्यांच्या तबकडीवरील तांबडी रेघ मिनिटास ९००० च्या घरांत होती. पिस्टनची वरखालीची धाव, जिला स्ट्रोक म्हणतात, ८४ मिलिमीटर. ९००० फेऱ्यांना पिस्टन एका सेकंदांत तीनशें वेळां थबकून उलट फिरतो. पिन व कड्यांसह त्याचें वजन अर्धा किलो धरलें, तर वरच्या टोकास त्याला थांबवून परत खालीं खेंचण्यास अडीच टनांच्या आसपास ओढ लागते. ही ओढ शेवटीं येऊन पडते ती रॉडच्या खालच्या टोकाच्या दोन बोटभर बोल्टांवर.

येथेंच पुष्कळांची गफलत होते. टर्बोमुळें बोल्ट तुटतात असें त्यांस वाटतें. वस्तुतः टर्बो ढकलतो, ओढीत नाहीं. सिलिंडरांत शंभर वातावरणांइतका दाब झाला तर ८७ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर सुमारें सहा टनांचा भार येतो. त्यानें रॉड काठीसारखा वांकूं पाहतो व बेअरिंगांतील तेलाचा पातळ थर चेपला जातो. उलट ओढ असते ती फेऱ्यांची, आणि ती सर्वांत घातक होते धूर बाहेर टाकण्याच्या शेवटास, कारण त्या क्षणीं पिस्टनला वरून अडविणारा दाबच नसतो. फेऱ्या ९००० वरून १०,००० केल्या तर ही ओढ एकनवमांश नव्हे, जवळजवळ एकचतुर्थांश वाढते. कारण ती फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. ज्याला दोन्ही हवीं, त्याचा रॉड चेपला तरी वांकतां कामा नये, आणि ताणला तरी त्याचे बोल्ट सैलतां कामा नयेत.

बोल्टाचें मर्म प्रवासाच्या वळकटीवरून ध्यानांत येईल. पट्टा करकचून आवळलेला असला तर हिसके वळकटी सोसते. सैल असला तर प्रत्येक हिसका पट्ट्यावर येतो आणि तो झिजून तुटतो. म्हणून चांगला कारागीर रॉडचा बोल्ट केवळ पान्याच्या जोरावर आवळीत नाहीं. आवळण्यापूर्वीं व नंतर त्याची लांबी मोजून, तो इंचाचे किती हजारांश ताणला गेला तें पाहतो. बेअरिंगांतील जागाहि अशीच मोजावयाची: शाफ्टच्या व्यासाच्या दर इंचास सुमारें एक हजारांश इंच हा जुना ठोकताळा. मूळचा क्रँकशाफ्ट घडीव पोलादाचा आहे, तो ठेवावा. पिस्टन मात्र बदलावे लागतात. त्यांतहि सिलिंडरांच्या भिंती साध्या बिडाच्या नसून कार्बन व ॲल्युमिना यांचे तंतु घातलेल्या ॲल्युमिनियमच्या आहेत. त्यांस न मानवणारा पिस्टन घातला तर भिंती खरवडून निघतात.

याला इतिहासांतला एक दाखला आहे. १९८३ सालीं नेल्सन पिके यानें ब्रॅबम गाडींतून शर्यतींचें जगज्जेतेपद मिळविलें. टर्बो एंजिनावर तें मिळविणारा तो पहिला. त्याचें बी. एम. डब्ल्यू. एंजिन दीड लिटरचें, चार सिलिंडरांचें, आणि त्याचा बिडाचा ब्लॉक १९६१ सालीं लोकांपुढें आलेल्या घरगुती मोटारीच्या वंशांतला! वापरून जुने झालेले ब्लॉक मुद्दाम निवडीत असें सांगतात. वारंवार तापून निवून ओतकामाचे ताण त्यांतून निघून गेलेले असत. परंतु स्ट्रोक अवघा ६० मिलिमीटर ठेविला होता. त्यामुळें ११,००० फेऱ्यांनाहि पिस्टनचा सरासरी वेग सेकंदास २२ मीटर. होंडाचा ९००० लाच २५. खुद्द होंडा कंपनीनें २००४ सालीं अमेरिकेंतील गाडीचा स्ट्रोक ९०.७ मिलिमीटर केला, तेव्हां तांबडी रेघ ८००० च्या आसपास खालीं आणली.

म्हणून आमचा मतभेद एवढाच. खालचा भाग मजबूत झाल्यावर फेऱ्या १०,००० पर्यंत नेण्याचा बेत पुतण्यानें लिहिला आहे, तो त्यानें सोडावा. टर्बोमुळें जोर खालच्या फेऱ्यांतच मिळणार. ८५०० वर मर्यादा घातली तर बोल्टांवरील ओढ उलट एकदशांशानें कमी होईल. रॉड तुटला कीं तो ब्लॉक फोडून बाहेर येतो, गरम तेल तप्त नळीवर पडून पेट घेतें, आणि मागून येणाऱ्याची गाडी त्याच तेलावर घसरते. ती दुसऱ्या कोणाच्या घरची असते.

भगिनींनीं पैसे खुशाल पाठवावे. सोबतच्या पत्रांत फेऱ्यांची मर्यादा किती ठरविली एवढें मात्र विचारावें, आणि उत्तर आल्यावर आम्हांसहि कळवावें.