जुना पॉवर मीटर जरूर घ्या, पण तो काय मोजतो ते आधी समजून घ्या

"डॉक्टर, सेकंडहँड पॉवर मीटर स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" सायकल चालवणारे रुग्ण हल्ली हा प्रश्न वरचेवर विचारतात. बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीचे असतात आणि बीपी, शुगर किंवा वजनासाठी सायकलकडे वळलेले असतात. माझं मत असं आहे: वापरलेला पॉवर मीटर घ्यायला हरकत नाही. पण तो नीट पारखून, नीट बसवून घ्या आणि त्याच्या आकड्याला तब्येतीचं प्रमाणपत्र समजू नका.

पॉवर मीटर मोजतो तरी काय?

तुम्ही पेडल दाबता तेव्हा क्रँक, म्हणजे पेडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा, अगदी किंचित वाकतो. आतले सेन्सर हा ताण मोजतात. त्याला फिरण्याच्या वेगाची जोड दिली की वॅटमध्ये आकडा मिळतो. थोडक्यात, तुम्ही सायकलला किती जोर देताय हे तो सांगतो. त्या जोरासाठी तुमच्या हृदयाला किती कष्ट पडताहेत, हे त्याला कळत नाही. त्यासाठी नाडीच पाहावी लागते.

रुग्णांना त्याचा उपयोग काय?

नाडीचा आकडा ऊन, अपुरी झोप, चहा, ताप अशा अनेक गोष्टींनी बदलतो. मेटोप्रोलोल किंवा बिसोप्रोलोलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल, तर जोर वाढला तरी नाडी फारशी वाढत नाही. अशा वेळी वॅट आणि 'बोलता येतंय का' ही साधी कसोटी, दोन्ही मिळून चांगली दिशा देतात. एरवी 100 वॅटला तुमची नाडी 120 असते आणि आज ती 140 झाली, तर शरीर काहीतरी सांगतंय. त्या दिवशी सायकल हळू चालवा किंवा घरी परता.

दुसरा फायदा कॅलरींचा. तासभर सरासरी 100 वॅट म्हणजे 360 किलोज्यूल काम. त्यासाठी शरीर साधारण 350 ते 430 कॅलरी खर्च करतं. नुसत्या अंदाजाने हा आकडा फुगतो आणि राइडनंतरच्या मिसळपावात वजन कमी करण्याचा बेत बुडतो.

घेताना काय पाहाल?

कमी खर्चात सहसा फक्त डाव्या क्रँकचा मीटर मिळतो. तो डाव्या पायाचा जोर दुप्पट करून दाखवतो. तुम्ही एकूण 200 वॅट देत असाल आणि डाव्या पायाचा वाटा 48 टक्के असेल, तर आकडा 192 दिसेल. रोजच्या तुलनेला एवढं पुरे. मात्र एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा पक्षाघातानंतर एक बाजू कमजोर असेल, तर हा मीटर तुम्हाला चकवेल. तुम्ही घेऊ नका.

- लांबी: क्रँकच्या आतल्या बाजूला 170, 172.5 किंवा 175 मिमी असं लिहिलेलं असतं. ती तुमच्या उजव्या क्रँकइतकीच हवी. क्रँक तुमच्या सायकलच्या ॲक्सलवर बसतो ना, हेही विचारा.
- जागा: मीटरचा फुगीर भाग सायकलच्या फ्रेमला घासता कामा नये. फोटोवर विसंबू नका, मोजून पाहा.
- सेलचं झाकण: आत हिरवट गंज किंवा ओल दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा.
- झीरो ऑफसेट: पेडलवर भार न ठेवता हे कॅलिब्रेशन लागोपाठ तीन वेळा करायला सांगा. आकडा दर वेळी उड्या मारत असेल तर मीटर घेऊ नका.
- तडे: पेडलच्या भोकाभोवती आणि बोल्टजवळ बोट फिरवून पाहा.

पूर्ण क्रँकसेट घेत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. जुलै 2019 पूर्वी बनलेल्या, चिकटवून जोडलेल्या काही अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँकचे भाग सुटू शकतात, म्हणून शिमानोने 2023 मध्ये त्यांची तपासणी जाहीर केली होती. तशी तपासणी झाली आहे का, हे विक्रेत्याला विचारा.

बसवताना कंजुषी नको

शिमानोचा नेहमीचा डावा क्रँक दोन बोल्टवर आवळला जातो. आधी टोकाची प्लास्टिक टोपी हलक्या हाताने लावायची, मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने 12 ते 14 न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे. टॉर्क रेंच नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, तेही विसरू नका. ढिला क्रँक घाटात उभं राहून पेडल मारताना निसटला, तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च गळपट्टीच्या हाडावर होतो. पहिल्या राइडनंतर बोल्ट पुन्हा तपासा आणि दर राइडआधी झीरो ऑफसेट करा.

आणि आता माझी खरी काळजी

मीटर बसला की पुढच्याच रविवारी बरेच जण 'एफटीपी' टेस्ट करतात: वीस मिनिटं जीव तोडून सायकल मारायची आणि सरासरीचे 95 टक्के धरायचे. निरोगी, सराव असलेल्या माणसाला हे ठीक आहे. पण मधुमेह, उच्च रक्तदाब, अँजिओप्लास्टी, घरात लहान वयात हृदयविकार, किंवा कित्येक वर्षं व्यायामच नाही, यांपैकी काहीही तुम्हाला लागू असेल, तर ही चाचणी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नका. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची शुगर अशा कष्टात अचानक घसरू शकते.

छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा दम, यांपैकी काही जाणवलं तर लगेच थांबा आणि मदत मागा. स्क्रीनवर आकडा कितीही छान दिसत असला तरी.

म्हणून पैसे मोजके असतील तर क्रम असा ठेवा: आधी हेल्मेट, चांगले ब्रेक आणि टायर. मग तब्येतीची तपासणी. त्यानंतर छातीला बांधायचा नाडीचा पट्टा. एवढं झाल्यावर शिल्लक उरली तर जुना पॉवर मीटर. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम तब्येतीला पुरेसा आहे आणि तो मीटरशिवायही होतो. मीटरमुळे तुम्ही नियमित बाहेर पडणार असाल, तर पैसे सत्कारणी लागले. पण शेजाऱ्याच्या वॅटशी स्पर्धा करायला घेणार असाल, तर तो दुकानातच राहू द्या.