टेंपलसाहेबांचं अप्रेझल

"इंग्रज कसेही असोत, पण कामाला चोख होते बुवा!"

हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. कॅन्टीनमध्ये ऐकलंय, लोहगडाच्या पायऱ्यांवर धापा टाकताना ऐकलंय, आणि हिंजवडीहून परतताना तर हमखास. खड्डा आला की आपल्या लोकांना इंग्रज आठवतो. तर मंडळी, आज एका अत्यंत चोख इंग्रजाबद्दल लिहितोय. सर रिचर्ड टेंपल, १८७७ ते १८८० या काळातला मुंबई इलाख्याचा गव्हर्नर.

बायोडेटा बघाल तर डोळे दिपतील. जन्म १८२६, शिक्षण रग्बी आणि हेलीबरी, पंजाबात जॉन लॉरेन्सच्या हाताखाली उमेदवारी. मग मध्य प्रांताचा चीफ कमिशनर, हैदराबादचा रेसिडेंट, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थखातं, बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर. एक पायरी चुकली नाही. शिवाय माणूस कामाला वाघ, घोड्यावरून मैलोन्‌मैल रपेट मारणारा, फावल्या वेळात जलरंगात निसर्गचित्रं काढणारा. आपण ज्याला 'रिसोर्स' म्हणतो तो असाच हवा असतो.

आता खरी गोष्ट. १८७३-७४ साली बिहारात दुष्काळ पडला आणि त्याचं काम टेंपलकडे आलं. गड्याने ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आणवला, गावोगाव पोचवला, लोकांना कामं दिली, ज्यांना काम जमत नव्हतं त्यांना फुकट धान्य दिलं. परिणाम? भूकबळी जवळजवळ नाहीतच. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानात, रेल्वेचं जाळं अर्धवट असताना, हे जमलं होतं. माझ्या मते ब्रिटिश राजवटीतलं ते सर्वात चांगलं दुष्काळी काम.

आणि कौतुक काय झालं? धान्य उरलं म्हणून बोंब! खर्च फार झाला, उधळपट्टी झाली. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट'ने तर तक्रार केली की यामुळे हिंदी लोकांना वाटायला लागेल की त्यांना जिवंत ठेवणं हे सरकारचं काम आहे. (पुन्हा वाचा. मीही दोनदा वाचलं होतं.) १८७६ ला त्याला बॅरोनेट केलं हे खरं, पण 'बजेट न सांभाळणारा' हा शिक्का बसला तो बसलाच.

त्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस गेला. मुंबई, मद्रास, म्हैसूर, हैदराबाद, सगळीकडे हाहाकार. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत लॉर्ड लिटनचा दरबार भरला, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात टेंपलला दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर पाठवलं. सूचना स्पष्ट होती: काटकसर.

आता या माणसाला शिक्का पुसायचा होता. मद्रासचा गव्हर्नर बकिंगहॅमचा ड्यूक त्यातल्या त्यात सैल हाताने मदत करत होता, तिथे टेंपलने लाखो लोकांना दुष्काळी कामावरून कमी केलं. जे उरले त्यांची मजुरी ठरवली: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. बायकापोरांना त्याहून कमी. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली ते आजीआजोबा अजून तुमच्या गावी असतील तर विचारा त्यांना, दिवसभर खडी फोडून साडेचारशे ग्रॅमवर माणूस किती दिवस उभा राहतो. इतिहासात या मजुरीला टेंपलचंच नाव चिकटलंय.

मुंबई इलाख्यात मजुरांनी ही मजुरी नाकारली, हजारोंनी काम सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या मागे उभी राहिली, गावागावातली माहिती गोळा करून सरकारला कळवत राहिली.

इथे नेहमीचा बचाव येतो: "अहो, त्या काळी आहारशास्त्र कुणाला माहीत होतं? आणि तो तरी काय करणार, वरून ऑर्डर!"

पहिला मुद्दा निकालात काढू. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश तेव्हाच ओरडून सांगत होते की एवढ्यावर माणूस जगत नाही, निदान दीड पौंड धान्य आणि सोबत डाळ-भाजी हवी. म्हणजे माहीत होतं. आणि टेंपलला तर कुणी सांगायचीही गरज नव्हती. माणसं कशी वाचवायची हे त्याने तीनच वर्षांपूर्वी स्वतः करून दाखवलं होतं! अज्ञानाचा फायदा द्यायचाच तर दुसऱ्या कुणाला द्या.

दुसरा मुद्दा ऑर्डरचा. कॉर्निशही सरकारी नोकरच होते ना? त्यांनी आकडे मांडले, भांडले, आणि १८७७ मध्ये मद्रासमध्ये मजुरी वाढवावी लागली. वरचा साहेब तोच, राणी तीच.

या दुष्काळात ५५ लाखांच्या आसपास माणसं गेली. काही अंदाज याहून बरेच वर जातात. काही जण सांगतात की यातूनच पुढे १८८० चा दुष्काळ आयोग आणि फॅमिन कोड आला. आला, मान्य. पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० ला माणसं पुन्हा मेलीच की.

टेंपलला राक्षस म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. राक्षस म्हटलं की प्रश्न मिटतो, आपण सुटतो. तो राक्षस असता तर बिहार झालाच नसता. त्याला फक्त पुढची पोस्ट हवी होती. आणि ती मिळालीही: दुष्काळ चालू असतानाच, १८७७ च्या वसंतात, मुंबईचं गव्हर्नरपद.

त्याच मुंबई इलाख्यात, पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात एक कारकून होता. पक्की नोकरी, बरा पगार, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच. तो दुष्काळी गावांतून हिंडला, बघितलं ते त्याला सोसलं नाही. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी जाहीरनामा काढून या गव्हर्नरच्या डोक्यावर इनाम लावलं. त्यांच्या बंडाचं काय चुकलं यावर वाद घाला, जरूर घाला. १८८३ ला ते एडनच्या तुरुंगात वारले.

टेंपलने तोवर, १८८० मध्येच, राजीनामा दिला होता. कारण? पार्लमेंटची निवडणूक. पूर्व वूस्टरशायरमधून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे उभा राहिला आणि आपटला. १८८२ ला आठवणींचं जाडजूड पुस्तक काढलं, १८८५ ला ईव्हशॅममधून एकदाचा निवडून आला, १८९५ पर्यंत खासदार राहिला आणि १९०२ ला लंडनमध्ये, हॅम्पस्टेडला, आपल्या घरी गेला.